सीझरनंतरचा पहिला तास: बाळ आईच्या छातीवर का नसते आणि ते कसे ठेवता येईल?

गिरणाकाठ (धागाकर्ती)

जळगाव जिल्ह्यात प्रसूती विभागात परिचारिका म्हणून काम करताना एक गोष्ट मला सतत खटकत आली आहे. ती येथे सविस्तर मांडते, कारण खान्देशातील अनेक गरोदर भगिनी आणि त्यांचे घरचे लोक येथे वाचत असतात.

नैसर्गिक प्रसूतीत बाळ जन्मताच आईच्या पोटावर किंवा छातीवर ठेवायचे, हे आता बऱ्याच ठिकाणी अंगवळणी पडले आहे. सीझर ठरले की मात्र हा नियम ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेरच राहतो. बाळ रडते, पुसले जाते, वॉर्मरखाली (बाळाला ऊब देणाऱ्या यंत्राखाली) जाते, त्याचे वजन होते, दुपट्यात गुंडाळून क्षणभर ते आईच्या गालाला टेकवले जाते आणि मग बाहेर ताटकळत उभ्या असलेल्या आजीच्या किंवा आत्याच्या हाती दिले जाते. टाके पूर्ण होऊन आई वॉर्डात येईपर्यंत तास-दीड तास सहज निघून जातो, आणि तोवर बाळाच्या जिभेवर कोणीतरी मधाचे बोट फिरवलेले असते. बाळ ठणठणीत, आई शुद्धीवर, तरीही दोघे वेगळ्या खोल्यांत, हे मला वैद्यकीय गरजेपेक्षा सवयीचे काम वाटते.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी यशस्वी स्तनपानासाठी ज्या दहा पायऱ्या १९८९ मध्ये मांडल्या आणि २०१८ मध्ये सुधारून पुन्हा प्रसिद्ध केल्या, त्यांतील चौथी पायरी नेमकी याविषयी आहे: जन्मानंतर लगेच आई आणि बाळ यांचा अखंड त्वचास्पर्श व्हावा आणि शक्य तितक्या लवकर स्तनपान सुरू करण्यासाठी आईला मदत मिळावी. सीझर झालेल्या आईला यातून वगळलेले नाही. कमरेतून भूल दिली असेल, तर आई जागी असते, त्यामुळे स्पर्श लगेच सुरू होऊ शकतो. पूर्ण भूल दिली असेल, तर ती नीट सावध झाल्यावर. केंद्र सरकारचा २०१६ चा 'माँ' कार्यक्रमही पहिल्या तासातील स्तनपानावरच भर देतो.

आता आपल्या राज्याचे आकडे पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात २५.४ टक्के प्रसूती सीझरने झाल्या. चौथ्या फेरीत (२०१५-१६) हे प्रमाण २०.१ टक्के होते. त्याच काळात जन्मानंतर तासाभरात स्तनपान मिळालेल्या बाळांचे प्रमाण ५७.५ टक्क्यांवरून ५२ टक्क्यांवर आले. एका आकड्यामुळेच दुसरा बदलला, असे यावरून सिद्ध होत नाही, परंतु चारांतील एक बाळ सीझरने येत असताना त्या बाळाचा पहिला तास आपण गृहीतच धरला नाही, तर दुसरा आकडा सुधारेल कसा?

बाळाच्या बाजूने पाहिले, तर हा तास पुन्हा मिळत नाही. जन्मानंतरचा साधारण पहिला तास-दोन तास बाळ विलक्षण जागे असते आणि त्यानंतर गाढ झोपते. स्वीडनमधील संशोधक ॲन-मेरी विडस्ट्रॉम यांनी या काळातील वर्तनाचे नऊ टप्पे नोंदवले आहेत: पहिले रडणे, शांत होणे, डोळे उघडणे, हातपाय व तोंड हलवणे, मध्येच विसावणे, छातीवर पुढे सरकणे, स्तनाची ओळख करून घेणे, चोखणे आणि मग झोप. उघड्या छातीवर ठेवलेले बाळ हे स्वतः करते. आपण डोके धरून तोंड स्तनावर दाबण्याची गरज नसते, उलट तसे केल्याने ते बिथरते. महाराष्ट्रात युनिसेफच्या पुढाकाराने २००७ पासून 'ब्रेस्ट क्रॉल' या नावाने याचा प्रसार झाला, त्यामुळे आमच्यापैकी अनेकींनी हे प्रशिक्षणात पाहिलेले आहे. कळा न येता ठरवून केलेल्या सीझरमध्ये मात्र बाळ या टप्प्यांतून काहीसे सावकाश जाते. म्हणूनच त्याला जास्त वेळ द्यायला हवा, आणि आपण नेमका त्यालाच सर्वांत कमी देतो.

वजन, व्हिटॅमिन के चे इंजेक्शन, पावलाचा ठसा, फोटो या सर्व गोष्टी तासभर थांबू शकतात. अंघोळ तर किमान २४ तास नकोच. श्वास, रंग, हालचाल आणि ठोके यांची पहिल्या व पाचव्या मिनिटाची तपासणी बाळ छातीवर असतानाही होते.

येथील डॉक्टर, परिचारिका आणि अनुभवी मातांनी आपले मत अवश्य लिहावे.

शहादेकर

ताई, हा विषय काढल्याबद्दल आभार. माझे पहिले सीझर झाले असून दुसरेही ठरलेले आहे, आणि सध्या मी माहेरी शहाद्याला आले आहे. पहिल्या वेळी बाळ माझ्याजवळ आले तेव्हा ते गाढ झोपलेले होते आणि नंतर दोन दिवस त्याला स्तन नीट पकडता येत नव्हता. त्याचा संबंध या गोष्टीशी असू शकतो, हे मला आज प्रथम कळले.

मला दोन शंका आहेत. पोट उघडे असताना बाळ छातीवर ठेवले, तर जंतुसंसर्ग होणार नाही का? आणि घरचे म्हणतात की मे महिन्यात बाहेर पारा ४४ अंशांच्या वर असतो, मग बाळाला ऊब देण्याचा एवढा आग्रह कशासाठी?

भूलतज्ज्ञ, धुळे

दोन्ही शंका रास्त आहेत.

शस्त्रक्रियेच्या वेळी आईच्या छातीच्या खालच्या बाजूला एक पडदा लावलेला असतो. त्याच्या पलीकडे, पोटाकडे, निर्जंतुक भाग असतो आणि अलीकडे, डोक्याकडे, मी आणि माझी उपकरणे असतात. बाळाला परिचारिका किंवा बालरोगतज्ज्ञ निर्जंतुक कापडात घेतात, कोरडे करतात, ते नीट श्वास घेत आहे याची खात्री करतात आणि वळसा घालून पडद्याच्या अलीकडे आणतात. पोटाच्या जखमेशी त्याचा संबंधच येत नाही. आईच्या त्वचेवरील नेहमीचे जंतू बाळाला घातक नसतात. दाराबाहेर पाच जणांच्या हातांतून फिरण्यापेक्षा ते आधी आईच्या त्वचेला लागलेले केव्हाही चांगले.

उकाड्याचे म्हणाल, तर बाहेर भुसावळचे ऊन असले तरी थिएटर थंड असते. दोन-दोन गाऊन घालून दिव्याखाली उभ्या असलेल्या सर्जनला घाम येऊ नये म्हणून एसी बराच खाली लावलेला असतो. जागतिक आरोग्य संघटना प्रसूतीच्या खोलीत किमान २५ अंश सेल्सिअस तापमान ठेवायला सांगते, आणि आमची थिएटरे बहुधा त्याहून गार असतात. ओल्या अंगाच्या बाळाचे तापमान अशा खोलीत काही मिनिटांतच उतरू लागते, ते ३६.५ ते ३७.५ अंशांच्या दरम्यान राहायला हवे. बाळ बाहेर येण्याच्या थोडे आधी एसी वाढवावा, बाळाला पूर्ण कोरडे करावे, ओले कापड फेकून द्यावे, डोक्यावर कोरडे टोपडे घालावे, आईच्या छातीवर ठेवून दोघांवर मिळून गरम केलेली चादर घालावी. वीज गेली की वॉर्मर थंड पडतो, आईची छाती थंड पडत नाही. ग्रामीण भागात काम केलेल्या कोणालाही हे पटेल.

आता माझ्या क्षेत्रातील गोष्टी जरा तपशिलाने लिहितो, कारण अडते ते बहुधा येथेच. ईसीजीचे तीन-चार चिकटवायचे पॅच आपण सवयीने छातीच्या मध्यावर लावतो. ते खांद्यांवर आणि पाठीच्या बाजूला लावले की छाती मोकळी राहते आणि मॉनिटरवरील आलेखही नीट दिसतो. सलाईन आणि बोटावरील ऑक्सिजनची क्लिप शक्यतो एकाच हाताला, आणि तोही आई कमी वापरते तो. दोन्ही हात फळ्यांवर बांधून ठेवण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. आई शांत असेल, तर निदान एक हात मोकळा ठेवायला काहीच हरकत नसावी. गाऊन समोरून उघडणारा हवा किंवा आधीच खांद्याखाली सरकवलेला हवा. यातील कशालाही जादा खर्च येत नाही.

सर्वांत मोठा अडथळा म्हणजे बाळ बाहेर आल्यावर आईला 'थोडी झोप लागू दे' म्हणून दिले जाणारे झोपेचे इंजेक्शन. कमरेतील भूल उत्तम लागलेली असताना त्याची सरसकट गरज नसते. ते दिले की आई गुंगीत जाते आणि बाळ छातीवर ठेवणे असुरक्षित होते. आईला खरोखर घबराट असेल किंवा वेदना जाणवत असतील, तर ते द्यावेच, पण ते केवळ रिवाज म्हणून देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

काही वेळा आईलाच बाळ नको वाटते. भुलेमुळे रक्तदाब उतरतो, गर्भाशय शिवताना पोटात ओढल्यासारखे होते, मळमळते, अंगाला थरथर सुटते. अशा वेळी बाळ उचलून घ्यावे, उपचार करावेत आणि तिला बरे वाटल्यावर पुन्हा ठेवावे. हा तिचा हक्क आहे, परीक्षा नव्हे. पूर्ण भूल दिलेली असणे, अतिरक्तस्राव सुरू असणे, बाळ नीट न रडणे किंवा त्याला श्वासासाठी मदत लागणे, या परिस्थितीत आधी जीव सांभाळायचा असतो आणि तेथे कोणीही आग्रह धरू नये.

आणि एक अतिशय महत्त्वाची सूचना. छातीवर ठेवलेल्या बाळाकडे सतत पाहणारी एक व्यक्ती जवळ असलीच पाहिजे. आई आडवी आहे, तिला बाळाचा चेहरा नीट दिसत नाही आणि ती दमलेली आहे. वरवर निरोगी दिसणाऱ्या बाळाचा श्वास पहिल्या काही तासांत अचानक थांबण्याचे प्रकार क्वचित घडतात, आणि नाक-तोंड दबले जाणे हे त्यांमागील एक कारण असते. बाळाचे तोंड एका बाजूला वळलेले, नाक उघडे, मान सरळ आणि ओठ गुलाबी आहेत ना, हे त्या व्यक्तीने पुन्हा पुन्हा पाहायचे. सीझरमध्ये पोटाकडील जागा सर्जनची असते, म्हणून बाळ उभे न ठेवता छातीच्या वरच्या भागावर आडवे ठेवणे सोयीचे पडते.

लंडनच्या क्वीन शार्लट रुग्णालयातील मंडळींनी २००८ साली अशा सीझरची पद्धत वैद्यकीय नियतकालिकात सविस्तर मांडली होती: पडदा खाली करून आईला जन्म पाहू देणे, बाळ सावकाश बाहेर येऊ देणे आणि थेट छातीवर देणे. सगळे जसेच्या तसे येथे आणण्याची गरज नाही. त्यातील शेवटचा भाग तरी उद्यापासून करता येण्यासारखा आहे.

अमळनेरच्या काकू

माझ्या दोन्ही सुनांची सीझरे झाली, म्हणून लिहिते. तुम्ही म्हणता ते वाईट नाही, पण बाळंतीण अर्धमेली झालेली असते. तिला कमरेखाली कळत नाही, हात थरथरतात, तिच्या अंगावर बाळ ठेवले आणि ते घसरले तर? आमच्या वेळी बाळ-बाळंतिणीला शेक-शेगडी, ऊब सगळे मिळत होते, पण ते घरी आल्यावर. शिवाय सीझरच्या बाईला तिसऱ्या दिवसापर्यंत दूध उतरत नाही, मग पहिल्या तासात छातीला लावून बाळाला मिळणार काय? त्यासाठीच आपल्याकडे मध किंवा गुळाचे पाणी चाटवतात.

गिरणाकाठ

काकू, तुमची पहिली काळजी अगदी योग्य आहे, आणि म्हणूनच डॉक्टरांनी लिहिल्याप्रमाणे जवळ एक माणूस हवाच. आमच्याकडे हे होते तेव्हा एक सिस्टर बाळाच्या पाठीवर हात ठेवून उभी असते. आईने केवळ असायचे असते. धरण्याची जबाबदारी आमची.

दुधाचे म्हणाल, तर भरपूर दूध दुसऱ्या ते चौथ्या दिवशी उतरते हे खरे, पण चीक पहिल्या क्षणापासून असतो. तो चमचा-दोन चमचेच येतो आणि बाळाचे पोटही पहिल्या दिवशी तेवढेच मावेल इतके लहान असते. तो थोडा आहे म्हणून कमी नाही; रोगप्रतिकारक द्रव्ये त्यातच सर्वांत दाट असतात. बाळ जितक्या लवकर आणि जितक्या वेळा चोखेल, तितके पुढचे दूध लवकर उतरते, त्यामुळे सीझर झालेल्या आईने तर तिसऱ्या दिवसाची वाट मुळीच पाहू नये. मधाबद्दल मात्र स्पष्टच सांगते: वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये. त्यात क्वचित असे जंतूंचे बीज असते की त्यामुळे बाळाचे स्नायू लुळे पडण्याचा गंभीर आजार होऊ शकतो. मामाच्या हातून मध चाटवण्याची हौस पहिल्या वाढदिवसापर्यंत थांबवता येईल.

तुमच्यासारख्या ज्येष्ठ बाईने थिएटरच्या दारात 'आधी आईजवळ द्या, आम्ही नंतर पाहू' असे एक वाक्य म्हटले, तर आमच्या दहा व्याख्यानांपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल. बाळ बाहेर घाईने का आणले जाते? नातेवाईक दार वाजवत असतात म्हणून. मुलगा की मुलगी, वजन किती, कोणासारखे दिसते, हे तोंडी सांगूनही भागते.

भुसावळकर

एका वडिलांचा अनुभव येथे उपयोगी पडेल असे वाटते. पत्नीचे सीझर ऐनवेळी करावे लागले आणि तिला पूर्ण भूल दिली गेली. बाळ सुखरूप होते. तेथील बालरोगतज्ज्ञांनी मला शर्ट काढून खुर्चीत टेकून बसायला सांगितले, बाळाला लंगोट आणि टोपडे एवढेच ठेवून माझ्या छातीवर दिले आणि वरून चादर घातली. थोड्या वेळात त्याचे रडणे थांबले आणि ते डोळे उघडून शांत पडून राहिले. घरातील मोठ्या मंडळींना पुरुषाने असे बसणे विचित्र वाटले, पण कोणी अडवले नाही. पत्नी शुद्धीवर आल्यावर त्याच अवस्थेत बाळ तिच्याकडे गेले.

नंतर वाचनात आले की स्वीडनमध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सीझरने जन्मलेली काही बाळे वडिलांच्या छातीवर आणि काही पाळण्यात ठेवून तुलना केली होती. वडिलांजवळची बाळे कमी रडली आणि लवकर शांत झाली. आईची जागा वडील घेऊ शकत नाहीत हे मान्य आहे, पण आई उपलब्ध नसताना बाळाने एकटे पडून राहण्याचे कारण नाही.

सातपुडा

मी धडगाव भागात आशाताईंची गटप्रवर्तक म्हणून काम करते. येथून सीझरसाठी नंदुरबारला पाठवलेली आई घाटातून १०८ रुग्णवाहिकेने जाते आणि अनेकदा बाळ कमी वजनाचे असते. अशा बाळांना आधी 'पेटीत' ठेवून वजन वाढल्यावर आईकडे द्यायचे, अशीच सर्वांची समजूत आहे. कमी वजनाच्या बाळाला सीझरनंतर लगेच छातीवर ठेवणे धोक्याचे नाही का?

भूलतज्ज्ञ, धुळे

ताई, या प्रश्नावर मोठा अभ्यास झालेला आहे, आणि त्यातील एक केंद्र आपल्याच देशात, दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात होते. भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया येथील पाच रुग्णालयांत १ ते १.८ किलो वजनाच्या सुमारे ३,२०० बाळांवर झालेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लवकरात लवकर कांगारू पद्धतीने, म्हणजे आईच्या उघड्या छातीला सतत बिलगून, ठेवलेल्या गटात पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू १२ टक्के होते, तर आधी स्थिर करून मग ठेवलेल्या गटात १५.७ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास ठरल्यापेक्षा आधीच थांबवण्यात आला.

एक बाब मात्र ध्यानात ठेवावी. लगेच छातीवर ठेवलेली ही बाळे आईसह अशा अतिदक्षता कक्षात होती, जेथे ऑक्सिजन, देखरेख आणि डॉक्टर हाताशी होते. म्हणजे छातीवर ठेवणे हा उपचारांना पर्याय नाही, उपचार घेतानाची जागा आहे. खरी गरज आहे ती एसएनसीयूमध्ये (आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात) आईसाठी खाट असण्याची. कांगारू पद्धतीचा उगमच जागेच्या आणि उपकरणांच्या टंचाईतून झाला: १९७८-७९ च्या सुमारास कोलंबियातील बोगोटा येथे डॉ. एडगर रे आणि डॉ. हेक्टर मार्टिनेझ यांनी पेट्या अपुऱ्या पडत असताना ती सुरू केली. रुग्णवाहिकेतील प्रवासातही बाळाला आईच्या, किंवा आई येऊ शकत नसेल तर आजीच्या छातीला बांधून न्यावे. डिसेंबर-जानेवारीत घाटातील थंडीत तर हे फार महत्त्वाचे आहे.

शहादेकर

सर्वांचे मनापासून आभार. पुढच्या तपासणीला जाताना मी डॉक्टरांना नेमके काय विचारावे? त्यांना मी शिकवते आहे असे वाटू नये, एवढीच इच्छा आहे.

गिरणाकाठ

ताई, ऑपरेशनच्या दिवशी टेबलावर झोपल्यावर हे विचारू नका. तेव्हा सर्व जण आपापल्या कामात असतात. आताच, नवव्या महिन्यातील तपासणीत सांगा: 'मला कमरेतूनच भूल देणार असाल आणि बाळ व्यवस्थित रडले, तर टाके घालत असताना त्याला माझ्या उघड्या छातीवर ठेवता येईल का? तोपर्यंत मला झोपेचे इंजेक्शन नको आहे.' भूल देणारे डॉक्टर बहुतेक छोट्या दवाखान्यांत बाहेरून येतात, म्हणून हा निरोप त्यांच्यापर्यंत पोहोचवण्याची विनंती करा आणि फाइलवर लिहून घ्या. बाळाजवळ कोणती सिस्टर थांबेल, हेही विचारा. त्यांच्याकडे तेवढे मनुष्यबळ नसेल, तर थिएटरमध्ये आग्रह धरू नका. टाके झाल्यावर रिकव्हरीच्या खोलीत, वॉर्डात हलवण्यापूर्वी, बाळ छातीवर द्यायला सांगा आणि तेव्हा तुमच्या आईला किंवा नणंदेला शेजारी बसवा. स्पर्श उशिरा सुरू झाला म्हणून वाया जात नाही.

घरून समोर बटणे असलेला सैल गाऊन, दोन मऊ सुती चादरी आणि दोन टोपडी न्या. दुपटी, झबली नंतर लागतील. आणि ज्या नातेवाइकाच्या हाती पहिल्यांदा बाळ येईल असे घरात ठरले आहे, त्याला आजच सांगून ठेवा की त्याची पाळी एक तास उशिरा येणार आहे.